पूर्वपरीक्षेसाठी जीवशास्त्र : कला शाखेतील एका उमेदवाराचा अनुभव

इतिहास घेऊन पदवी पूर्ण केल्यामुळे दहावीनंतर माझा जीवशास्त्राशी फारसा संबंध राहिला नव्हता. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या 200 गुणांच्या पेपरमध्ये सामान्य विज्ञान हा घटक असतो, आणि त्यातील जीवशास्त्र पाठांतराने उरकता येते असा माझ्या अभ्यासिकेत सर्वसाधारण समज होता. मी मात्र एका ओळीच्या प्रश्नोत्तरांचे जाड पुस्तक बाजूला ठेवून राज्य मंडळाची सहावी ते दहावीची विज्ञानाची पाठ्यपुस्तके वाचायला घेतली. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांत ‘पुढीलपैकी कोणते विधान योग्य आहे’ अशा धर्तीचे प्रश्न वारंवार दिसत होते, आणि विधान पडताळायचे तर शरीरातील क्रिया कशी घडते हे ठाऊक असावेच लागते.

सर्वाधिक वेळ मी रक्ताभिसरणाला दिला आणि तो सत्कारणी लागला. महाशिरांतून हृदयाच्या उजव्या अलिंदात (वरच्या कप्प्यात) आलेले रक्त उजव्या निलयातून (खालच्या कप्प्यातून) फुप्फुस धमनीवाटे फुप्फुसांकडे जाते, तेथे ऑक्सिजन घेऊन फुप्फुस शिरांवाटे डाव्या अलिंदात परतते आणि डाव्या निलयातून महाधमनीद्वारे शरीरभर पोहोचते. हा मार्ग न पाहता कागदावर काढता येऊ लागल्यावर, धमनी म्हणजे हृदयापासून रक्त दूर नेणारी वाहिनी, मग त्या रक्तात ऑक्सिजन कमी असो वा जास्त, हे आपोआप स्पष्ट झाले. डाव्या निलयाची भित्ती अधिक जाड का असते, हेही निराळे पाठ करावे लागले नाही.

जीवनसत्त्वांच्या अभावाने होणारे विकार तेवढे सरळ पाठ केले. ‘क’चा स्कर्वी आणि ‘ड’चा मुडदूस यांत समजून घेण्यापेक्षा लक्षात ठेवण्याचाच भाग अधिक असतो, असे माझे मत आहे.

रोगांच्या बाबतीत मी डास आणि रोगकारक यांची एकत्र मांडणी केली. ॲनॉफिलीसमुळे पसरणारा हिवताप आदिजीवामुळे होतो, एडिसमुळे पसरणारा डेंग्यू विषाणूमुळे, तर क्युलेक पसरवतो तो हत्तीरोग कृमींमुळे होतो. सिंधुदुर्गात आढळलेला माकडताप विषाणूजन्य असला तरी तो गोचिडांमार्फत पसरतो, म्हणून त्याची नोंद शेजारीच केली. गडचिरोली, नंदुरबार अशा जिल्ह्यांत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार मात्र संसर्गजन्य नसून आनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. हे प्रमाण मी जनुकांच्या जोड्या मांडून स्वतः काढले, आणि मेंडेलचा धडा मला तेव्हाच खऱ्या अर्थाने कळला.

व्हिटेकर या शास्त्रज्ञाने 1969 मध्ये मांडलेली सजीवांच्या वर्गीकरणाची पंचसृष्टी पद्धती लक्षात राहिली, परंतु प्राण्यांचे संघ आणि त्यांची उदाहरणे शेवटपर्यंत नीट पक्की झाली नाहीत. चुकीच्या उत्तरामागे एकचतुर्थांश गुण कापले जात असल्याने अशा प्रश्नांत अंदाज बांधायचा नाही, असे मी आधीच ठरवले होते. पचनसंस्थेवर मात्र विश्वास होता. पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि त्यात पाचक विकर नसतात. तो स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करतो आणि त्यांचे प्रत्यक्ष पचन स्वादुरसातील लायपेज करते, एवढा क्रम मनात स्पष्ट असला की चारपैकी दोन विधाने लगेच बाद करता येतात. मुख्य परीक्षेसाठी मी पात्र ठरले, तेव्हा प्राणीसंघांची वही पुन्हा उघडावी लागली.