तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा बाझलमध्ये एवढ्या कंपन्या कशा?

ठाण्याला घरी गेलो की कोणी ना कोणी विचारतंच, तुमचं स्वित्झर्लंडमधलं बाझल म्हणजे ठाण्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं, मग रोश काय, नोव्हार्टिस काय, सगळ्या औषधांच्या कंपन्या तिथेच कशा जमल्या, आणि तुला जर्मन तरी येतं का धड? जर्मनचं आधी सांगतो, नाही येत, डेर-डी-दास, म्हणजे कुठला शब्द कुठल्या लिंगाचा, ते अजून चुकतंच. कंपन्यांचं उत्तर जरा लांब आहे.

कोलशेत रोडची सँडोज बाग माहितीय ना, लहानपणी मला ते कोणा पारशी शेठचं नाव वाटायचं. निघालं बाझलचं, 1886 साली तिथल्या ऱ्हाइन नदीकाठी सुरू झालेली रंगाची कंपनी, औषधं नंतर आली. आणि रंगच का, तर त्याआधी 1859 च्या सुमाराला आलेक्झांडर क्लावेल म्हणून मूळचा फ्रान्सचा रेशीम रंगवणारा माणूस तिथे फुक्सिन नावाचा लालभडक रंग बनवायला लागला, कारण फ्रान्समध्ये पेटंट थेट त्या रंगावरच होतं, दुसऱ्या रीतीने बनवला तरी चालायचा नाही, आणि स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा पेटंटचा कायदाच नव्हता. थोडक्यात, कॉपी करायला सीमेचा फायदा (आज हीच मंडळी पेटंटवर आपल्याला लेक्चर देतात, असो). गिऱ्हाईक दारातच होतं, बाझलमध्ये रेशमी फितींचे माग होते, आणि तो धंदाही वाढवला फ्रान्समधून जीव घेऊन पळालेल्या प्रॉटेस्टंट लोकांनी. म्हणजे सुरुवातीपासून गाव बाहेरच्यांवरच चाललंय.

आता तर 8 नंबरची ट्राम 2014 पासून जर्मनीत जाते, 3 नंबरची 2017 पासून फ्रान्समध्ये. एअरपोर्ट अख्खा फ्रान्सच्या जमिनीवर, बाहेर पडायला दोन देशांची दोन दारं, मी पहिल्यांदा आलो तेव्हा बॅगा ओढत चुकीच्या दारातून बाहेर पडलो आणि अर्धा तास स्विस बस शोधत बसलो. रोज तीस हजारांवर माणसं शेजारच्या दोन देशांतून कामाला येतात, कर्जत-कसाऱ्याहून मुंबईला येतात तशी, म्हणून गाव छोटं असलं तरी माणसं निवडायला तीन देश.

पण मला विचाराल तर खरा फायदा वेगळाच आहे. माझं काम औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या कागदाचं. जेमतेम नव्वद लाखांचा देश, पण तो कागद जर्मन, फ्रेंच, इटालियन तिन्हींत लागतो. त्यामुळे इथला माणूस लिहायला बसतानाच धरून चालतो की हे दुसऱ्या भाषेत जाणार, वाक्य आखूड ठेव, उगाच शब्दांचे खेळ नको, आणि माल परदेशी पाठवायची वेळ आली की ही सवय आयती हाताशी असते. एकदा जर्मनीहून मजकूर आला, त्यात त्यांचं ते शेपटीवालं डबल एस, स्विस लोक ते वापरतच नाहीत, साधे दोन एस लिहितात. मी तीनदा वाचून पास केलेला, आमच्या प्रूफवाल्या बाईंनी एका नजरेत पकडला, आणि बाई फ्रेंच, सीमेपलीकडच्या अल्सासच्या!

मीटिंगमध्ये पुष्कळदा ज्याने त्याने आपल्या भाषेत बोलायचं, समोरच्याने समजून घ्यायचं, आणि शेवटी कोणीतरी म्हणणार, म्हणजे तुला असं म्हणायचंय ना? सुरुवातीला मला हा टाइमपास वाटायचा. पण पुण्याच्या नोकरीत आम्ही सगळे मराठीत बोलून वेगवेगळे अर्थ घेऊन घरी जायचो आणि सोमवारी भांडायचो, ते इथे कमी होतं. शिवाय इथले लोक आपसात बोलीत बोलतात आणि लिहितात पुस्तकी जर्मन, घरी मालवणी आणि अर्जात शाळेतली मराठी तसं, म्हणजे पुस्तकी जर्मनमध्ये तेही थोडे पाहुणेच, म्हणून असेल, माझ्या डेर-डी-दासला कोणी हसत नाही.

सगळं छान आहे असं नाही. त्या प्रूफवाल्या बाईंची आजी अल्सासची बोली बोलायची, ती बाझलच्या बोलीच्या जवळची, त्यामुळे बाजारात इथल्या दुकानदारांशी तिचं सहज जमायचं. बाईंना ती कळते पण बोलता येत नाही, मुलाला तर कळतही नाही. परवा त्या मुलाचा इथल्या एका कंपनीत इंटरव्ह्यू झाला, अख्खा इंग्रजीत, नोकरी लागली, बाईंनी कँटीनमध्ये सगळ्यांना केक दिला आणि म्हणाल्या, अभिनंदन त्याला इंग्रजीतच सांगा हं, बाकी काही समजायचं नाही त्याला.