टाळ्यांच्या आधीचं पाणी

चंद्रपूरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवरचा पर्यवेक्षक, म्हणून बरीच वर्षं काढली. आता व्हीटीसीत, म्हणजे खाण कामगारांच्या प्रशिक्षण केंद्रात, नव्या पोरांना शिकवतो. त्या दिवशी त्यांना 'मिशन रानीगंज' हा सिनेमा दाखवत होतो. रिफ्रेशर प्रशिक्षणाला आलेला एक पंप खलाशीही, म्हणजे खाणीतला पंप चालवणारा, मागे बसला होता, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला.

घटना पश्चिम बंगालमधल्या महाबीर खाणीतली, 13 नोव्हेंबर 1989 ची. पाणी घुसलं आणि 71 जण खालीच अडकले. मग जमिनीवरून भोक पाडून त्यातून पोलादी कॅप्सूल सोडली, एका खेपेला एक माणूस. भोकाचा व्यास जेमतेम 22 इंच! मी हातांनी तेवढी रुंदी दाखवली, तर पुढच्या बाकावरच्या दांडग्या पोरानं आपले खांदे चाचपले. पन्नाशीला टेकलेले इंजिनिअर जसवंतसिंग गिल स्वतः त्यातून खाली उतरले. सगळं पाठ आहे, तरी कॅप्सूल अंधारात शिरते तेव्हा माझा श्वास अडकतोच. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"साहेब, थांबवा जरा," खलाशी उठून म्हणाला. "टाळ्या मागून वाजवू द्या पोरायले. पाणी कुठून आलं, ते विचारा आधी."

विचारलं. एक म्हणाला, पावसाचं. दुसरा म्हणाला, नदीचं. दोन्ही चूक. शेजारच्या जुन्या कामात, म्हणजे खोदून सोडून दिलेल्या भागात, साचलेलं पाणी होतं ते. ब्लास्टिंगनं मधली भिंत फुटली. पडद्यावर नुकतंच पाहूनही एकाच्याही ध्यानात नव्हतं. मला वाईट वाटलं, कारण मीसुद्धा कॅप्सूलच रंगवून सांगत आलो होतो.

मग नियम सांगितला. पाणी भरलेल्या जुन्या कामापासून 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदायचं नाही. परवानगी मिळाली तरी फेसच्या, म्हणजे खोदकाम चालू असलेल्या तोंडाच्या, पुढे किमान 3 मीटर भोकं मारून चाचपत जायचं. खलाशानं स्वतःचं जोडलं: कोरड्या फेसला घाम फुटला, तर पाळी संपायची वाट पाहू नका, तेव्हाच सिरदाराला, म्हणजे आपल्या मुकादमाला, हाक मारा.

"सर, वर किती आले?" दांडग्या पोरानं विचारलं.

"65."

"म्हणजे सहा..."

"बुडाले."

कोणी बोललं नाही. मी कपाटातून आमच्या खाणीचा नकाशा काढून टेबलावर पसरला. खलाशानं चष्मा लावला, बोट टेकवलं. "माझा पंप हा, इथं." त्या पोरानं न सांगता पट्टी उचलली आणि तिथून जुन्या कामापर्यंतचं अंतर मोजायला लागला.