तुम्ही विचारलंत म्हणून : इसब आणि प्रतिकारशक्ती

लोकलमध्ये कडी धरायला हात वर केला की बाही सरकते आणि कोपराच्या आत, हात दुमडतो तिथला, तांबूस जाडसर पट्टा उघडा पडतो. तो पाहून शेजारच्या बाई जरा सरकतात. इसब लागट नाही, एवढे त्यांना सांगून भागते. ओळखीची माणसे मात्र वेगळे विचारतात : "तुमची प्रतिकारशक्ती कमी आहे का हो, म्हणून हे सारखे चिघळते?"

प्रतिकारशक्ती कमी नाही. तिची एक बाजू विनाकारण चेतलेली आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात चपट्या, मृत पेशी असतात आणि त्यांच्यामध्ये सेरामाइडसारखी स्निग्ध द्रव्ये भरलेली असतात. हा थर नीट बांधला जाण्यासाठी फिलाग्रिन नावाचे प्रथिन लागते, आणि त्याच्या जनुकातील दोषाचा इसबाशी असलेला संबंध २००६ मध्ये स्पष्ट झाला. (इसब असलेल्या प्रत्येकात हा दोष असतोच असे नाही.) आमच्या सोसायटीच्या गच्चीला भेगा पडल्या की पाणी फक्त आत येते, त्वचेच्या या थरात फटी राहिल्या की ओलावा बाहेर जातो आणि धूळ, साबण, जंतू आत शिरतात. त्यावर चेतलेल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी इंटरल्यूकिन-४ आणि १३ ही संदेश देणारी द्रव्ये सोडतात. या द्रव्यांमुळे दाह तर होतोच, शिवाय फिलाग्रिन आणखी घटते आणि त्वचा स्वतः तयार करते ती जंतुनाशक प्रथिनेही कमी पडतात.

त्यामुळे स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूला तिथे आयतेच घर मिळते. एका जुलैमध्ये माझ्या मनगटावर लस येऊन मधाच्या रंगाची खपली धरली, ती याच्यामुळेच. तेव्हा प्रतिजैविक घ्यावे लागले. त्याहून गंभीर म्हणजे हर्पिस या विषाणूचा संसर्ग : एकसारखे दिसणारे, दुखणारे फोड आणि सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

शेजारच्या काकू प्रेमाने गुळवेलीचा काढा आणून देतात आणि स्टिरॉइडच्या मलमाला मात्र घाबरतात. माझे मत उलटे आहे. डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस लावलेले ते मलम दाह शमवते, आणि दाह शमला की वरचा थर सांधू लागतो, जंतूंची वस्तीही घटते. रोजचे काम साध्या पेट्रोलियम जेलीचे : आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच ती लावायची आणि मुरू द्यायची. त्यापायी माझी सकाळची एक लोकल रोज चुकते.