सिग्नलला गाडी उभी राहिली की एसी कोमट का होतो?

गाडी पळत असते तोवर एसी उत्तम गारवा देतो, पण हिंजवडीच्या कोंडीत गाडी उभी राहिली की काही मिनिटांतच कोमट हवा येऊ लागते आणि वेग घेतल्यावर पुन्हा गार होते, हा अनुभव एप्रिल-मेच्या उन्हात अनेकांना येतो. आमच्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकला यंदा हेच झाले आणि गॅरेजमधून लगेच उत्तर आले, "गॅस कमी झालाय, भरून घ्या."

या उत्तरावर पैसे घालण्याआधी थोडे थांबावे, असे मला मनापासून वाटते. एसीमधला आर-१३४ए हा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. सील आणि रबरी होजमधून वर्षानुवर्षे थोडा झिरपतो हे खरे, पण एकाएकी कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती शोधल्याशिवाय गॅस भरण्यात अर्थ नाही. शिवाय गॅस जास्त झाला, तरी उभ्या गाडीत कूलिंग बिघडतेच.

कंप्रेसरमधून दाबला गेलेला तप्त गॅस रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये येतो, तिथे उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो. गाडी धावताना कंडेन्सरला समोरचा वारा आयता मिळतो, उभ्या गाडीत मात्र सगळी भिस्त पंख्यावर असते. पंखा कमी पडला की उष्णता बाहेर जात नाही, दाब चढत जातो आणि गारवा कमी होतो. दाब फारच चढला तर सुरक्षेसाठीचा स्विच कंप्रेसरच बंद करतो. इंजिन मिनिटाला आठशेच्या आसपास फेऱ्यांवर असताना कंप्रेसरही संथ फिरतो, त्यामुळे उभ्या गाडीत गारवा किंचित कमी होणे हा दोष नव्हे.

आमच्या गाडीचा पंखा एसी लावताच फिरत होता आणि इंजिनच्या तापमानाचा काटाही मध्यावर होता, म्हणून पंख्यावर कोणाचा संशय गेला नाही. परंतु पुष्कळ गाड्यांमध्ये तो काटा बऱ्याच मोठ्या तापमानकक्षेत मध्यावरच राहतो, आणि उभ्या गाडीच्या इंजिनाची थोडी उष्णता दुबळा पंखाही निभावून नेतो. मी समोरच्या जाळीवर बाहेरून वर्तमानपत्राचा कागद धरला. पंखा सशक्त असेल तर कागद जाळीला चिकटून बसतो; आमचा सरळ खाली घसरला.

त्यानंतर मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर अडकवून, इंजिन चालू ठेवून समोरून कंडेन्सरवर पाण्याचा हलका फवारा मारला. १९ अंशांवर अडलेला आकडा थोड्याच वेळात ११ वर आला. पाण्याने कंडेन्सर थंड होताच कूलिंग परत येते याचा अर्थ कंप्रेसर आणि गॅस बहुधा ठीक आहेत, कमतरता हवेची आहे.

दुसऱ्या मेकॅनिकने गॅसचा दाब मोजणारे गेज लावले तेव्हा दोन्ही बाजूंचे, म्हणजे कंप्रेसरमध्ये शिरणाऱ्या गॅसचा (खालचा) आणि बाहेर पडणाऱ्या गॅसचा (वरचा), दाब वाढलेले होते, वरचा तर ३०० पीएसआयच्या पुढे. दोन्ही दाब कमी असते तर गॅस कमी असल्याचा संशय घेता आला असता; खालचा जास्त आणि वरचा कमी असता, तर कंप्रेसर थकल्याचा. पंख्याची मोटार चालू असताना तिच्या प्लगवर पूर्ण व्होल्टेज मिळत होते, म्हणजे रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि वायरिंग निर्दोष होते. मोटार उघडल्यावर कारण हाती आले: कार्बन ब्रश झिजून तुकडे उरले होते आणि ते ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग काळा पडला होता. मोटार बदलल्यावर वरचा दाब २३०च्या आसपास स्थिरावला. गॅस भरावा लागला नाही.

पंखा काढलेलाच होता, म्हणून कंडेन्सर आणि रेडिएटरमध्ये अडकलेली माती व किडेही काढून घेतले. हे काम कमी दाबाच्या पाण्याने, शक्यतो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने करावे, कारण प्रेशर वॉशरने ॲल्युमिनियमच्या पातळ पाती वाकतात आणि हवेची वाट उलट बंद होते. कंडेन्सरच्या कडेच्या फोमच्या पट्ट्याही जागेवर आहेत का, हे पाहून घ्यावे. रेडिएटरच्या कामानंतर त्या पुष्कळदा बसवायच्या राहून जातात, आणि मग उभ्या गाडीत इंजिनाकडची गरम हवा कडेने फिरून पुन्हा कंडेन्सरच्या पुढ्यात येते.