पांढरी वाळू

"ताई, तुम्ही ज्या वाळूवर झोपलाय ना, ती माशांची शी आहे."

स्नॉर्कलिंगला नेणारा मुलगा हे इतक्या गंभीरपणे म्हणाला की मी झटकन उठून पाठ झाडायला लागले. नवरा मात्र हसत सुटला. थांबेचना. डोळ्यांतून पाणी.

लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून या बेटावर आलोय. सकाळीच त्या वाळूवर बदामात दोघांची नावं लिहून फोटो टाकला होता. खाली अभिनंदनाचा पाऊस!

मुलगा खरंच बोलत होता. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळाच्या खडकावरचं शेवाळ खरवडतो, सोबत खडकाचा चुराही पोटात जातो, घशातल्या दातांनी दळला जातो आणि वाळू होऊन मागून बाहेर पडतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो म्हणे. प्रवाळ बेटांवरच्या पांढऱ्या वाळूत त्याचा मोठा वाटा.

नंतर पाण्यात उतरलो, तर ते खाणं चक्क ऐकू आलं. कुर्रम कुर्रम. कुणीतरी शेजारी बसून कडक टोस्ट खावा तसं. नवऱ्याने माझं मनगट धरून बोट दाखवलं. तोंडात नळी, बोलायची सोय नाही. बराच वेळ तसेच तरंगत राहिलो. मनगट त्याने सोडलं नाही.

वाळूचं काही नाही, पाय धुतले की झालं. पण त्याचं ते हसणं डोक्यातून जात नाहीये. असा शेवटचा कधी हसला होता, आठवेना.

की हसत होता आणि माझंच लक्ष नव्हतं?