कार्टर रोडच्या कातळावर खरबी शोधताना

मालवणला स्कूबा डायव्हिंगचे पहिले प्रशिक्षण घेतले, तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर चार वेळा उतरूनही काठालगतचा एकही लहान मासा मला ओळखता आला नव्हता, कारण आमचे सगळे लक्ष खाली खोल पाण्याकडे असायचे. प्रशिक्षक शेवटच्या दिवशी म्हणाले, "ताई, आधी मुंबईच्या कातळावर खरबी शोधून दाखवा. कमरेएवढ्या पाण्यात ती दिसू लागली की खालचेही दिसू लागेल." खरबी म्हणजे खडकाळ किनाऱ्यावरच्या डबक्यांत दिसणारा गोबी हा लहान मासा. त्यांचे म्हणणे मी मनावर घेतले.

पहिली फेरी वाया गेली. सोयीचा म्हणून रविवार निवडला आणि भर दुपारी वांद्र्याला कार्टर रोडच्या कातळावर पोहोचले, तर पाणी जेमतेम थोडेसे हटलेले होते. जाळे आवरत बसलेले एक कोळी काका म्हणाले, "बाय, आज अष्टमी. भांगाला पानी खाली जात नाय. उधाणाची सुकती धर." भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद भरती-ओहोटी, उधाण म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची मोठी, आणि सुकती म्हणजे ओहोटी. मग त्यांनीच तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब समजावला: पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा, ही भरतीची ढोबळ वेळ, त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. उधाणाला मुंबईत भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि ओहोटीही तितकीच खोल लागते, त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारी डबकी उघडी पडतात. तेव्हापासून मी तिथी पाहून वेळ ठरवते आणि छापील वेळापत्रकात ओहोटीची उंची तपासूनच घरून निघते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत डबकी मिळाली, मासा मिळाला नाही. चूक माझ्या उभे राहण्यात होती. पाठीवर सूर्य घेऊन वाकले की माझी सावली डबक्यावर पडायची आणि पाण्यातले सगळे क्षणात कपारीत शिरायचे. चौथ्या वेळी सूर्याकडे तोंड करून, डबक्यापासून हातभर मागे, कालवांच्या धारदार कडा टाळून बसले आणि पाण्याची चकाकी मारणारा पोलराइज्ड चष्मा लावला. दहा मिनिटे काहीही झाले नाही. मग वाळू आणि दगड जिथे भेटतात त्या रेषेवरचा एक तपकिरी डाग अर्धी वीत पुढे सरकला आणि थांबला. मासा म्हणून शोधले तर ही खरबी दिसत नाही, कारण अंगावरच्या गडद ठिपक्यांमुळे ती हुबेहूब दगडाच्या रंगाची असते. शोधायचे ते डोक्याच्या वरच्या बाजूला असलेले दोन डोळे, श्वासाबरोबर हलणारे कल्ले आणि तो झटका-मग-स्तब्धता असा चालण्याचा ढंग.

त्या दिवशीचा वरून काढलेला फोटो मी माशांच्या एका जाणकार अभ्यासकाला पाठवला. त्यांनी नाव सांगायला नकार दिला, आणि तो मला योग्यच वाटला. कातळावर ब्लेनी नावाचे मासेही अशाच रंगाचे असतात. त्यांच्या पाठीवर बहुधा एकच लांब पर असतो, तर खरबीच्या पाठीवर दोन वेगळे पर असतात आणि पोटाखालचे दोन पर जुळून पेल्यासारखे झालेले असतात, ज्याने ती लाटेतही दगडाला चिकटून राहते. नेमकी जात ठरवायला छातीजवळच्या पराची वरची कड लागते. म्हणून पाचव्या फेरीत मी छोटा जलरोधक कॅमेरा डबक्यात तिच्या पातळीवर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केले आणि दूर जाऊन बसले. खरबीला पकडून डब्यात घालण्याचा सल्ला मला मिळाला होता, तो मी मानला नाही.

घरी येऊन चित्रफीत थांबवत थांबवत पाहिली. एका ठिकाणी ती भिंगाकडे वळली होती आणि छातीच्या पराच्या वरच्या कडेला सुटे, रेशमाच्या धाग्यांसारखे तंतू स्पष्ट दिसत होते, जणू पदराच्या दशा. ते चित्र त्याच अभ्यासकाला पाठवले आणि उत्तर आले: बॅथिगोबियस फस्कस, एडुआर्ड र्‍यूपेल यांनी १८३० मध्ये तांबड्या समुद्रातल्या नमुन्यांवरून वर्णन केलेली गोबी.

याच कुळातल्या अटलांटिकमधल्या एका जातीवर लेस्टर ॲरन्सन यांनी १९५१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. भरतीच्या वेळी कातळावरून पोहताना हा मासा खळग्यांची जागा लक्षात ठेवतो आणि ओहोटीत धोका दिसला की न दिसणाऱ्या शेजारच्या डबक्यात अचूक उडी मारतो, असे त्यांना आढळले. हे वाचल्यावर सावली पडताच गायब होणाऱ्या माशांचा मला राग येईनासा झाला.

नंतर मालवणला उतरले तेव्हा खोलात जाण्याआधी मी काठाच्या पाण्यात थांबले, तळाची वाळू उडू नये म्हणून पायांतले पोहण्याचे पंख स्थिर ठेवले, टॉर्च तिरपा धरला आणि दगडाच्या पायथ्याची रेषा पाहत राहिले. तिसऱ्या मिनिटाला दोन डोळे दिसले. मी प्रशिक्षकांना खूण केली आणि बोटाने दाखवले. त्यांना ती दिसायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला.