आल्तिनोवरचं रेडिओ स्टेशन

आज बाबांना घेऊन पणजीला गेलेलो, आल्तिनोच्या टेकडीवर आकाशवाणीची बिल्डिंग दिसली आणि बाबा जे सुरू झाले ते थांबेचनात 😄 पोर्तुगीजांच्या वेळचं हे एमिसोरा द गोवा, 1946 सालचं, पोर्तुगीजबरोबर कोंकणी मराठी पण लागायचं. आणि त्याला उत्तर म्हणून 1955 पासून गोवा मुक्तीसाठी लढणारे लिबिया लोबो नि वामन सरदेसाई सरहद्दीपलीकडच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवायचे, हे तर शाळेत नीट शिकवायलाच हवं खरं म्हणजे! डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि स्टेशन आकाशवाणीकडे आलं. मग विविध भारती, एफएम वगैरे.

पण बाबांचा जीव मिडियम वेव्हवरच. आमच्या रेडिओच्या काचेवर 1287 किलोहर्ट्झच्या (पणजी स्टेशनच्या) जागी लाल पेन्सिलची रेघ होती, नि खरखर आली की अख्खा सेट फिरवायचा, कारण आतली फेराइटची कांडी, म्हणजे रेडिओचा अँटेना, ठराविक दिशेनेच नीट पकडते. ट्यूबलाइट लावली की पण खरखर यायची नि आजी ओरडायची, बातम्या चालल्यात ना रे!

येताना गाडीत एफएम लावलं तर बाबा म्हणतात, हा पोरगा एवढा धावत का बोलतो, बस चुकतेय का त्याची?